धाकू मिस्त्रीचं दार

समजा, तुमच्यासमोर लष्कराच्या लिलावातून आलेला एक दणकट ट्रक उभा आहे. मागचा हौदा नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. तो काढून तिथे लाकडी खोली बसवायची आहे आणि त्या खोलीत दोन माणसांना दोन महिने राहायचं आहे. झोपणं, स्वयंपाक, पाण्याची टाकी, सगळं आतच. वाटेत डोंगर, दगड, ओढे. तुम्ही सुरुवात कुठून कराल?

धाकू परबने हौद्यात आडवं होऊन सुरुवात केली. मला म्हणाला, "इंजिनिअर, खडू घे. माझ्याभोवती रेघ मार." मी मारली. मग मला शेजारी झोपवून माझ्याभोवती त्याने मारली. उरलेल्या जागेकडे बघत म्हणाला, "हं. आता एवढ्यात संसार."

ही १९८६ सालची गोष्ट. जोगेश्वरीत कुंडलिकशेठच्या गॅरेजात मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. धाकू मालवणकडचा. गिरणीत सुतारखात्यात अठरा वर्षं होता, संपानंतर गिरणी सुटली. चार वर्षं तो इथे दुसऱ्यांच्या हाताखाली रंधा मारत होता. हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. शेठने स्वच्छ सांगितलं होतं, की ही गाडी पास झाली तर बॉडीचं काम कायमचं तुझं, नाहीतर पुन्हा रंधा.

गाडी मुलुंडच्या श्यामकांत राजे यांची. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. बायको उत्तराताईंना घेऊन लडाखचे खडक बघायला निघणार होते.

मी नकाशा काढला, त्यात पाण्याची टाकी पार मागे दाखवली. धाकूने नुसता बघितला आणि विचारलं, बैलगाडीत कधी बसलायस का? मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढून उचलते. मी वजनं मांडून बघितली. त्याचं बरोबर होतं. टाकी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे गेली.

बाकी कामही देखणं झालं. बिछान्याची फळी दिवसा उभी करून कडीला अडकवायची. स्टोव्हला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा कठडा. डबे सांडू नयेत म्हणून प्रत्येक फडताळाला आडवी पट्टी. आणि ही सगळी खोली धाकूने सोळा बोल्टांनी चासीला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, आवळली, तसूभर हलायला नको म्हणून. मीही ते बोल्ट तपासले आणि मान डोलावली.

चाचणीला आम्ही आरे कॉलनीत गेलो. तबेल्यांच्या मागे एक कच्चा रस्ता होता. राजे चालवत होते, उत्तराताई आत बसल्या होत्या. डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडी तिरकी थांबली. उत्तराताईंनी आतून दार ढकललं. हललं नाही. धाकूने बाहेरून ओढलं, मग मी आणि शेठनेही. तरी नाही.

"धाकू, खोली बनवलीस का पिंजरा?" शेठ म्हणाला.

उत्तराताई खिडकीतून शांतपणे बोलल्या. "धाकूभाऊ, इथे तुम्ही सगळे आहात. तिथे आत स्टोव्ह भडकला तर?"

गाडी सपाटीवर आणली, तर दार बोटाने उघडलं. धाकूने खाली वाकून चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "मागाक खंय जावचा आसता? तो थंयच उभो. ट्रक चालताना आंग मोडता रे."

गिरणीतला माग जन्मभर एका जागी असतो, म्हणून तो जमिनीला घट्ट आवळायचा. धाकूचे हात अठरा वर्षं तेच शिकले होते. पण खड्ड्यात ट्रकची चासी पिळवटते, आणि घट्ट आवळलेली खोली तिच्याबरोबर पिळवटते. हे मला पुस्तकात शिकवलं होतं. मला तेव्हा आठवलं नाही.

शेठकडून त्याने आठ दिवस मागून घेतले. पुढचे बोल्ट तसेच ठेवले. मागचे आठ काढून तिथे दोनच घातले, नटाखाली जाड स्प्रिंगा बसवल्या आणि खोलीखाली जुन्या टायरचं रबर. मग पुन्हा आरे, पुन्हा तोच खड्डा. या वेळी उत्तराताईंनी दार ढकललं तेव्हा ते खालच्या कोपऱ्यात जरासं घासलं, आणि उघडलं.

शेठने मान डोलावली. सोमवारपासून धाकू बॉडीचा मिस्त्री झाला. पण ते घासणं त्याने ऐकलं होतं. कोपरा रंध्याने तासला, तरी गाडी जाईपर्यंत तो रोज दार उघडून बघायचा.

महिन्याने कारगिलहून कार्ड आलं. मी मोठ्याने वाचलं. थंडी, जर्दाळू, हिरवट खडक, टाकीतलं पाणी गोठलं, ओढ्यातल्या दगडावर एक चाक कंबरभर वर गेलं, तरी फडताळातला एकही डबा पडला नाही, मिस्त्रींना नमस्कार. धाकूने कार्ड हातात घेऊन मागे-पुढे बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"परत वाच," तो म्हणाला. "आरेचा खड्डा हातभर होता. तिथे एक चाक कंबरभर वर गेलं, तेव्हा दार उघडलं का?"