बसूचं वाकणारं विमान

आमच्या मराठवाड्यातल्या पोरांना उत्तरं घोटायला लावून कुणीतरी त्यांचे प्रश्न पळवले! कुणी, ते सांगत नाही. पाट्या चौकाचौकात आहेत. मी, सलीम आणि बसवराज, आमच्या तिघांकडे मात्र थोडे प्रश्न शिल्लक राहिले होते. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही रिमोटची विमानं बनवायचो. ज्या मैदानावर ती उडवली, तिथं आज क्लासवाल्यांचं होस्टेल आहे. विमानं काही टिकली नाहीत, किस्से तेवढे साचले.

*

पहिल्या विमानाचे पंख लांब आणि लवचिक होते. वेग वाढला आणि ते चक्क फडफडू लागले. हवेनं पंख पिळला, पिळलेल्या पंखाला हवा आणखी जोरात लागली, तो आणखी पिळला! याला फ्लटर म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं.

सलीम मान वर करून ओरडला, "अरे यार, इंजिन कशाला लावलं? हे तर पंख मारून राहिलं!"

पुढच्या क्षणी एक पंख मुदखेडच्या दिशेनं गेला आणि उरलेलं विमान आमच्या दिशेनं!

*

बसू निलंग्याकडचा. भूकंपात घर पडलं तेव्हा तो शाळकरी पोर होता. हलणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या विमानाच्या पंखांत त्यानं गुपचूप लोखंडी पट्ट्या घातल्या. विमान मैदानभर नुसतं धावलं.

आमचे सर शांतपणे म्हणाले, "बसवराज, पुढचा भूकंप आला की आपण सगळे याच्याखाली बसू!"

*

बसूच्या वडिलांचं, आप्पांचं, किराणा दुकान. त्यांचा हुकूम होता: कॉलेज संपलं की लातूरच्या क्लासात फिजिक्स शिकवायचं. बसूला बेंगळुरूला जाऊन विमानंच शिकायची होती.

सुट्टीत त्यानं क्लासात शिकवून पाहिलं. कागदाची पट्टी ओठाशी धरून फुंकली, फडफडवून दाखवली. एका पोरीनं विचारलं, "सर, हळू फुंकलं की का नाही फडफडत?" बसू हरखला. सांगणार, एवढ्यात क्लासचे मालक दारातून म्हणाले, "सर, पट्टी लई हलली. आता पोर्शन हलवा!"

*

तिसऱ्या विमानातून बसूनं पट्ट्या स्वतःच काढल्या. पंखाच्या पुढच्या कडेत सायकलच्या स्पोकचे तुकडे बसवले. वजन पुढं सरकलं की फडफड आवरते, हे आम्ही विमानं फोडून शिकलो होतो.

नेमके त्याच दिवशी आप्पा जीप घेऊन आले, त्याला लातूरला न्यायला. गादी, ट्रंक, स्टोव्ह, सगळं टपावर चढलं.

बसू म्हणाला, "आप्पा, एकडाव बघा. मोडलं तर गपचूप येतो तुमच्यासंगं."

विमान चढलं. वळताना दोन्ही पंख धनुष्यासारखे वर वाकले. जीपच्या पायरीवर बसलेले आप्पा ताडकन उठले.

"मोडलं! मोडलं! बसू, उतरव ते!"

"न्हाई आप्पा, वाकून राहिलं. वाकू द्या."

विमान घिरट्या घालून अलगद गवतात उतरलं. आप्पा जवळ गेले. पंखाचं टोक बोटानं दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, सोडलं. मग जीपकडे गेले आणि टपावरच्या दोरीची गाठ सोडू लागले.

ड्रायव्हर वैतागला, "आवं आप्पा, आत्ताच तर आवळून बांधली व्हती की मी!"