दादानं काढलेला चार

वहिनीचा फोन आला तेव्हा मी माणगावला बँकेच्या रांगेत होते. "हे गेले," एवढंच ती म्हणाली. माझा नंबर आलाच होता. काम उरकलं आणि एस.टी. धरून रेवदंड्याला पोचले. दादालाही तेच पटलं असतं.

माझा हा मोठा भाऊ जुन्या मनगटी घड्याळांच्या डायली रंगवायचा. मुंबईचा एक व्यापारी डाग पडलेल्या, रंग उडालेल्या डायली पाठवी आणि दादा त्या नव्यासारख्या करून देई. ही दुरुस्ती आहे आणि दुरुस्ती म्हणूनच विकली जाते, असं तो धरून चालला होता. काही वर्षांपूर्वी एका लिलावाच्या जाहिरातीत त्याला फोनवर एक घड्याळ दिसलं. खाली लिहिलं होतं, मूळ कारखान्याची डायल, कुणी हात न लावलेली. दादानं फोटो मोठा करून मला दाखवला. "हा चार बघ. कुठला?" मी लगेच ओळखला. ओल शिरून त्या डायलवरचा चार पार गेला होता, म्हणून दादानं तो आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून उतरवला होता.

त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला.

"काका, तुमचं नाव कुठं आलंय त्यात? कशाला अंगावर घेता?"

"नाव आलं नाही, तेच सांगतोय. माझं काम स्वित्झर्लंडच्या नावावर खपवतोस?"

"मग यापुढं आमच्याकडून काम येणार नाही, बघा."

घरात दुसरं उत्पन्न म्हणजे थोडे नारळ-सुपारी… दादानं फोन ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं. "मी कुकर काय तुमच्या तोंडाकडे बघून लावू?" वहिनी म्हणाली, पण गुंडाळायला टॉवेल तिनंच आणून दिला.

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटीत तो ते मांडीवर घेऊन बसला, शेजारी मी. लिलावाच्या कचेरीत काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, विकायचंय?"

"नाही. साक्षीला आणलंय."

तिथल्या साहेबांनी दोन्ही चार शेजारी ठेवून पाहिले. मग ते मनगटी घड्याळ लिलावातून काढलं. आभार कुणी मानले नाहीत. परतीच्या बोटीत दादा मात्र खुशीत होता. "चार दाखवला नसता, तर त्यांना कळलं नसतं," दोनदा म्हणाला.

व्यापाऱ्यानं शब्द पाळला, काम बंद झालं. मग दादानं नियमच केला. डायलच्या तळाशी, जिथं 'स्विस मेड' असतं, तिथं तो बारीक अक्षरांत 'रेवदंडा' लिहू लागला. ज्याला नको, त्यानं दुसरीकडं जावं. बरेच गेले. हळूहळू वेगळी माणसं येऊ लागली, ज्यांना वडिलांचं घड्याळ विकायचं नव्हतं, हाताला बांधायचं होतं. मिळकत पूर्वीइतकी कधीच झाली नाही. वहिनी चिडायची, मीही. तरी कुणी "तो घड्याळवाला तुमचा भाऊ का?" विचारलं, की मी ताठ मानेनं हो म्हणते.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याचं टेबल आवरलं. भिंगाखाली एक डायल अर्धवट होती. आकडे आधी काढायचे असतात, पण त्या पांढऱ्या डायलवर एकही आकडा नव्हता; तळाशी फक्त रेवदंडा. ज्यांची ती होती, त्या अलिबागच्या बाई न्यायला आल्या. मी म्हटलं, "मुंबईत कुणाकडून तरी पुरी करून घ्या."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नको. काटे तेवढे बसवून घेईन. वेळ काय, अंदाजानं कळते."