अंगावर काढलेला ताप

माझ्या वडिलांनी कथा लिहिल्या नाहीत, कविता लिहिल्या नाहीत, पत्रकं लिहिली. ते जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होते. युनियनच्या पत्रकांच्या घड्या आमच्या पनवेलच्या घरात, जेवायच्या जागेवरच पडायच्या. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरूनच झाली. एक ओळ अजून पाठ आहे : 'आजार अंगावर काढू नका. रजा ही भीक नाही, हक्क आहे.'

'अंगावर काढणं' आपल्याकडे कौतुकानं सांगतात. तीन दिवस ताप अंगावर काढला, पण एक खाडा नाही! या कौतुकाची मला चीड आहे. कॉलेजात मी त्याविरुद्ध स्वतः पत्रक लिहून वाटलं होतं.

आणि गेल्या हिवाळ्यात, विमानातून उडी मारायला निघाले, तेव्हा मला फ्लू झाला होता.

उडी कित्येक महिन्यांपासून ठरलेली. आदल्या दिवशी ताप चढला, नाक बंद, हाडं ठणकत होती. आई म्हणाली, "जमिनीवर धड उभी राहत नाय, आन् आभालातून उडी मारतेय! पडून राव गप."

मैत्रिणीचा फोन आला. "अगं, गोळी घे आणि चल. एक दिवस अंगावर काढ, त्यात काय!"

मी गोळी घेतली. पहाटे पळस्पे फाट्यावरून तिच्या गाडीत बसले. घाट चढून, पुण्याच्या पुढे माळावरच्या धावपट्टीवर पोचलो, तोवर ताप उतरला होता. तिथे एक फॉर्म भरायचा होता. 'सध्या सर्दी, ताप, कानाचा किंवा नाकाचा त्रास आहे का?' मी 'नाही'वर खूण केली. हात जरासुद्धा थांबला नाही.

ज्याच्याबरोबर मी उडी मारणार होते तो प्रशिक्षक चाळिशीचा, उन्हानं रापलेला. फॉर्म वाचून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, नाक दाबा. तोंड बंद. आता हळूच नाकात फुंका. कान मोकळे झाले?"

"झाले."

"दोन्ही?"

मी उजव्या कानाला हात लावला.

"कोणती गोळी घेतलीत?"

मी सांगितली. तो चिडला नाही, शेजारी बसला. "वर जाताना कदाचित काही कळणार नाही. गंमत खाली येताना. बाहेरच्या हवेचा दाब भराभर वाढतो, आणि सर्दीनं कानाची नळी बंद असेल तर आत हवा जात नाही. पडदा आत ओढला जातो. दुखतं, कधी फाटतो. चक्कर येते, उलटी होते. आणि मध्येच थांबवायला ब्रेक नसतो."

"कान माझा आहे," मी म्हणाले. "धोका मी घेते."

"उडी दोघांची आहे ना," तो हसला. "तुम्ही माझ्या छातीला बांधलेल्या असणार. तुम्हाला भोवळ आली, पाय उचलता आले नाहीत, तर उतरताना दोघांचे पाय जातील. आणि तुमचा ताप मला लागला की मी घरी. आम्हाला उडीमागे पैसे. आजारपणाची रजा वगैरे नसते."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आजवर मला वाटत होतं, जो अंगावर काढतो तो स्वतःचंच नुकसान करतो, आणि त्याला भाग पाडणारा वर कुठेतरी बसलेला असतो. इथे मला कुणी भाग पाडलं नव्हतं. हौसेपायी मी माझा ताप एका रोजंदारीच्या माणसाच्या अंगावर काढायला निघाले होते, तेही खोटं लिहून.

मी 'नाही'वरची खूण खोडली, 'हो'वर केली. मैत्रीण उडी मारून आली, हसत, रडत. मी गाडीत पडून होते.

परतताना घाट उतरायला लागलो आणि उजव्या कानात कुणी सळई घातल्यासारखं झालं. खोपोली येईपर्यंत मी डोकं धरून बसले होते. घाट तो केवढा, आणि आम्ही रस्त्यानं, वळणं घेत उतरत होतो. मैत्रीण हळूच म्हणाली, "सॉरी गं." ते मला डाव्या कानानं ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले, पडदा लाल आहे, पण शाबूत आहे. चार दिवसांनी कान टक्‌ करून उघडला.

त्याच दिवशी मी धावपट्टीवर फोन करून त्या प्रशिक्षकाची चौकशी केली. तोच बोलला. आवाज बसलेला होता.

"घसा धरलाय जरा. दोन दिवस जमिनीवरच आहे."

"माझ्यामुळे?"

"कुणामुळे ते कसं सांगणार, ताई? कान कसाय तुमचा?"