फैसलला न सांगितलेली गोष्ट

मंडळी, खमीस मुशैतच्या आमच्या शिकारीच्या दुकानात आता कायद्यानं विक्रीला सौदी माणूसच लागतो. माझ्या जागी येणाऱ्या फैसलला मीच शिकवतोय. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली नव्हती. तेवढ्यासाठी तरी कफील, म्हणजे माझा व्हिसा काढणारा मालक, मला ठेवून घेईल, असं वाटायचं.

आज एका गिऱ्हाइकाला शिकारीच्या पिस्तुलावर सगळ्यात मोठा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हवा होता. पिस्तूल जबरदस्त धक्का देणारं. मी फैसललाच पुढे होऊ दिलं.

फैसलनं दोन स्कोप तळहातावर तोलले आणि हलका पुढे केला. “जड स्कोप प्रत्येक गोळीच्या धक्क्याला स्वतःच्याच वजनानं ढिला होतो. हा टिकेल.”

नंतर मी विचारलं, “कुणी सांगितलं?”

“तुम्ही रोज तोलूनच देता की, उस्ताद.”

तुम्ही कधी असं काही राखून ठेवलंय का? राहिलं का ते तुमच्याकडे?