बघायचं घर, राहायचं घर

ताईंना घर दाखवायची इतकी सवय जडली होती की कुणी नुसतं "कशा आहात?" म्हणून विचारलं तरी त्या हात पुढे करून "या, आधी हॉल बघा" म्हणायच्या, असं त्यांचा नवरा सांगतो. नवरा शाळेची बस चालवतो आणि तिखटमीठ लावल्याशिवाय बोलत नाही. पण यात फारसं खोटं नव्हतं. एका बारा मजली इमारतीचं काम चालू होतं. तिच्या पहिल्या मजल्यावर बिल्डरने एक सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवला होता. तो सांभाळायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला फिरवून दाखवायचा, हे ताईंचं चार वर्षांचं काम.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे लग्न जमवायला काढलेला फोटो. खोटा नसतो, पण रोजचा चेहराही नसतो. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आतली दारं बसवलेलीच नव्हती. पलंग मुद्दाम वीतभर आखूड करून घेतलेला. त्यावर अंथरूण पाहून पाय पसरावे म्हटलं तर ते पोटाशीच घ्यावे लागले असते. फ्रिज आतून पोकळ, कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी, आणि स्वयंपाकघरातला चकचकीत नळ उघडला तर त्यातून फक्त खाकरल्यासारखा आवाज यायचा. ताईंना यातल्या सगळ्या खाचाखोचा ठाऊक होत्या. गिऱ्हाइकाने विचारलं तर त्या सांगूनही टाकायच्या, पण विचारतं कोण? लोक पडद्यांवरून हात फिरवण्यात दंग.

विक्रीचं सगळं खालच्या ऑफिसातले टायसाहेब बघत. भर उन्हाळ्यातही गळ्यातला टाय सैल करायचे नाहीत म्हणून हे नाव. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "व्याजदर काय हो, आज वर, उद्या खाली. घर मात्र हातचं गेलं की गेलं." हे वाक्य ताईंनीही शेकडो लोकांना ऐकवलं. रोज तेच म्हणता म्हणता त्यांना ते पटलं, आणि इथेच घोटाळा झाला. लोकांना लावायचं मधाचं बोट त्यांनी स्वतःच चाटलं. साठवलेलं सगळं मोडून त्याच इमारतीत सातव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी बुक केला. कर्ज मंजूर होईल, असं बँकेनेही तोंडी सांगितलं होतं.

मग दर वाढला. महिन्याभराने पुन्हा वाढला. टायसाहेबांचं 'उद्या खाली' काही उगवेना.

बँकेतली कर्जाचं बघणारी मुलगी बिचारी समजावून सांगत होती. "काकू, पगार तुमचे तेच आहेत. पण दर चढला की त्याच कर्जाचा हप्ता मोठा होतो. तेवढा हप्ता तुमच्या पगारात बसत नाही, म्हणून कर्जच कमी द्यावं लागतं."

"मग फेडायची वर्षं वाढवा की."

"वाढवली असती. पण काकांची निवृत्ती आडवी येते."

"त्यांचं काय, ते कुठेही आडवे येतात," ताई म्हणाल्या. मुलगी हसली, पण आकडा काही हलला नाही. उरलेली रक्कम महिनाअखेर आपल्या खिशातून भरा, नाहीतर बुकिंग रद्द. रद्द झालं की भरलेल्या पैशांतलेही बरेच कापले जाणार. ताई राहत होत्या त्या भाड्याच्या खोलीच्या मालकाचा मुलगा परगावाहून परत येणार होता, त्यामुळे तीही सोडायची होती. हातातोंडाशी आलेला घास जातोय आणि बसलेला पाटही कुणी ओढतंय, अशी गत.

ताईंना रडू आलं नाही, राग आला. आणि तोही बँकेचा नाही, स्वतःचा. चार वर्षं लोकांना घरं विकली आणि आपण घर घेताना गिऱ्हाइकासारखं पडद्यावरून हात फिरवत बसलो! दर चढला तर काय, हा प्रश्न एकदाही विचारला नाही. घरी सासूबाईंनी गुडघ्याला तेल चोळता चोळता विचारलं, "काय म्हणाली बँक?" ताईंनी सगळं सरळ सांगितलं. सासूबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली असती तर मी तशीही वरच अडकले असते गं." ही समजूत होती की टोमणा, ते ताईंना आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सॅम्पल फ्लॅटमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही. दर वाढल्यापासून हे असंच चाललं होतं. पूर्वी रविवारी पाणी द्यायला पेले पुरत नसत. आता दोन कुटुंबं आली तरी टायसाहेब फाटकापर्यंत सामोरे जायचे. ताई रिकाम्या हॉलमध्ये बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ते घर विकत घेणाऱ्याच्या नजरेनं बघू लागल्या. खिडकीखाली जनरेटर होता, वीज गेली की घरघरायचा. दुपारी तीननंतर झोपायच्या खोलीत ऊन यायचं ते भिंत तापवूनच जायचं. पण भिंतींना ओल नव्हती. चार पावसाळे त्यांनी स्वतः पाहिले होते. खोल्या सातव्या मजल्याएवढ्याच. मजला पहिला, सासूबाईंचे गुडघे चढतील एवढा. आणि चार वर्षं हजारो लोक नांदून गेल्यासारखं झालेलं हे घर नव्याच्या भावाने कुणी घेणार नव्हतं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा ताईंचा स्वभाव नव्हता. त्या तडक खाली गेल्या.

"साहेब, माझं बुकिंग रद्द होणार."

टायसाहेबांचा चेहरा पडला. "ताई, तुम्हीसुद्धा? या महिन्यातलं हे चौथं. मालक मला उभा चिरतील."

"चिरू नयेत म्हणूनच आले. रद्द करू नका, बदलून द्या. सातवा तुमचा तुम्हाला. मला वरचा सॅम्पल फ्लॅट द्या."

"तो सगळ्यात शेवटी विकायचा असतो. फर्निचरसकट."

"फर्निचर न्या तुम्ही. त्या पलंगावर झोपायचं तर माझ्या नवऱ्याला घडी घालावी लागेल. आणि भाव काम सुरू झालं तेव्हाचा लावा."

"तेव्हाचा? काय बोलताय!"

"वापरलेलं घर आहे, साहेब. खाली जनरेटर, दुपारी ऊन. हे मी बाहेर कुणाला सांगत नाही, पण तुम्हाला तर माहीतच आहे. आज दारात गिऱ्हाईक नाही, आणि माझं कर्ज तेवढ्या रकमेला मंजूर होतंय. उद्या दर अजून चढला तर मीही नसेन."

टायसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. साहेबांचं उघडलं, पण त्यातून अडचणच निघाली. "अहो, मग मी लोकांना दाखवू काय?"

"तेच दाखवा. इमारत विकली जाईपर्यंत दहा ते सहा या वेळात लोकांना आणा. दाखवायला मी आहेच. पगार मात्र चालू ठेवा."

हे त्यांनी मालकांना कसं पटवलं ते टायसाहेबच जाणोत. चार दिवस त्यांनी ताईंशी नजर मिळवली नाही. पाचव्या दिवशी वर येऊन एवढंच म्हणाले, "दारं तुमची तुम्ही बसवायची."

त्या घराचा हप्ता ताईंनी बँकेतल्या मुलीकडून तीनदा काढून घेतला: आजच्या दराने, त्याहून चढलेल्या दराने, आणि तो अजून चढला तर. तिसरा आकडाही पगारात बसला, थोडा ओढाताणीने. मग सही केली. नवऱ्याने सही करताना एवढी मोठी केली की ती खालच्या ओळीवर गेली.

इमारतीला राहायचा परवाना मिळाला. घरात दारं बसली, खोल्या एकदम लहान दिसू लागल्या. खरा पलंग आला, त्याने अर्धी खोली खाल्ली. नळाला पाणी आलं. पोकळ फ्रिज गेला आणि त्या जागी जुना, हुंकार देणारा फ्रिज उभा राहिला. टायसाहेबांना घोर लागला की आता कोण घेणार इथे घर.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तरुण जोडपं. दोघांचेही चेहरे उतरलेले. मुलगी दारातूनच म्हणाली, "आम्ही नुसतं बघायला आलोय. दर एवढे चढलेत, जमेल असं वाटत नाही."

त्यांना घेऊन वर आलेल्या टायसाहेबांनी तोंड उघडलं, आणि आता 'आज वर' येणार हे ताईंनी ओळखलं. त्या मध्येच म्हणाल्या, "बघा की. पण मला विचाराल तर आज जमतो तो हप्ता बघून घर घेऊ नका. दर अजून चढला तरी जमेल तेवढंच घ्या. मग लहान असलं तरी सुखाने झोप लागते."

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. "आत दिसतोय तो पलंग खऱ्या मापाचा आहे का हो?"

"झोपून बघा हवं तर."

तो हसला आणि आत यायला निघाला; मागोमाग ती आणि टायसाहेबही. चार वर्षं लोक असेच बुटांसकट आत आले होते, चिखलाच्या, सिमेंटच्या पायांनी. तेव्हा ते दुकान होतं, आणि दुकानात कुणी चपला काढत नाही. ताईंनी एक शब्दही काढला नव्हता.

आज त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "चपला बाहेर."

जोडप्याने पटकन चपला काढल्या. टायसाहेब घुटमळले. "ताई, मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा, साहेब."

आत जमिनीवर पाय सोडून बसलेल्या सासूबाईंनी मान वळवून बघितलं. टायसाहेब भिंतीला हात टेकून वाकले, बंद सोडले, बूट दाराबाहेर ठेवले. उजव्या मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आला होता. तो मुडपत मुडपत ते ताईंच्या घरात शिरले.