आकाराम आबांनी तपासलेला खासदार

पडदा वर जातो तेव्हा वडूजमधल्या एका घराची पडवी दिसते. उजवीकडं खुंटाला बांधलेली शेळी, डावीकडं पत्र्याखाली उभी मोटारसायकल, मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. दुपारचे दोन वाजलेत. उन्हानं अंगण पांढरं पडलंय. खुर्चीत बाहत्तर वर्षांचे आकाराम आबा बसलेत आणि हातातला मोबाईल त्यांनी दोन्ही मुठींत असा धरलाय, की जरा ढिला सोडला तर आतलं माणूस निसटून जाईल.

आतलं माणूस म्हणजे त्यांची लेक समीक्षा. मिरजेत नर्सिंग शिकली आणि दोन वर्षांपूर्वी वेल्सला गेली. इंग्लंडला लागून पश्चिमेला असलेला तो डोंगराळ मुलूख, जुन्या कोळशाच्या खाणींचा. तिथं म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. पण त्या संस्थेचा परदेशी माणसं ठेवायचा परवाना सरकारनं काढून घेतला आणि समीक्षाला पत्र आलं, की साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर परत जा. दुसरं काम तिनं आठवड्यात मिळवलं. नव्या मालकाला तिला ठेवून घ्यायची परवानगी तेवढी मिळायची होती, आणि ती कुठल्याशा कचेरीत कागदांच्या ढिगाखाली निजली होती. शेचाळीस दिवस गेले होते. चौदा उरले होते.

शेजारच्या म्हातारीनं तिला सांगितलं, खासदाराकडं जा. इडवल बेनन नावाचा तिथला खासदार दर शनिवारी गावच्या वाचनालयात बसतो, कुणीही जावं. समीक्षा गेली. त्यानं तिची हकीकत स्वतःच्या हातानं लिहून घेतली आणि एक कागद पुढं केला. माझ्या वतीनं बेनन यांनी सरकारकडं चौकशी करावी, एवढाच त्यावरचा मजकूर. खाली सही करायची. समीक्षानं तो कागद घडी घालून घरी आणला, बिनसहीचा. कारण परकरात होती तेव्हापासून तिला एक गोष्ट शिकवलेली होती, की पुढाऱ्यानं दिलेल्या कागदावर आबांना विचारल्याशिवाय सही करायची नाही.

आबांनी सगळं ऐकलं. मग हळूच विचारलं, की तिथं तुझं मत आहे का? समीक्षा म्हणाली, आहे की. भारताच्या नागरिकाला तिथं राहून मत देता येतं, तिनं नावही नोंदवलंय. आबांच्या तोंडावर हसू आलं. माग काढणाऱ्याला पाऊल दिसल्यावर येतं, तसं.

"मग आलं ध्यानात," ते म्हणाले.

समीक्षानं सांगितलं, की निवडणूक लांब आहे आणि पुढच्या खेपेला आपण उभं राहणार नाही, असं बेनननं केव्हाच जाहीर केलंय.

आबांचं हसू मावळलं. "उभंच राहनार न्हाई? मग तर लय वंगाळ. उभं राहनाऱ्याला काय पायजे, ते तरी आपल्याला ठावं आसतं."

सही करू नको, मी तपासतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

आबांचं हे तपासणं वाऱ्यावरचं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी भाऊसाहेबांच्या गटात काढली होती. भाऊसाहेब म्हणजे तालुक्यातलं एकेकाळचं मोठं प्रस्थ, आता नाहीत. व्यासपीठावर आबांना कुणी कधी पाहिलं नाही. ते विंगेतले. प्रेक्षकांना जो दिसत नाही, पण पडद्याची दोरी ज्याच्या हातात असते, तसला माणूस. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दाराशी टेबल टाकून बसले, की येणारा माणूस पायरी कसा चढतो एवढ्यावरून त्याचं मत कुठं पडणार ते सांगत. आणि सहलीला त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता. पंचायत समितीत सभापतीवर अविश्वास ठराव आला, की फुटतील अशी शंका असलेल्या सदस्यांना गाडीत घालून लांब न्यायचं आणि मतदानाच्या सकाळीच परत आणायचं, त्याला सगळे सहल म्हणत. एकदा आबांनी नऊ सदस्य गोकर्णला अकरा दिवस सांभाळले होते. रोज पहाटे दारातल्या चपला मोजायच्या. एकाचा मोबाईल फार वाजायला लागला, तर तो आमटीच्या पातेल्यात पडला. कसा पडला ते आमटीला ठाऊक.

अशा माणसाला आता एक खासदार तपासायचा होता, तोही इंग्रजी. आबा जोतीराम गुरुजींकडं गेले.

जोतीराम गुरुजी हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आणि जन्मभर विरुद्ध गटातले. त्यांच्या थोरल्या भावाला जिल्हा परिषदेला पाडलं ते आबांनीच. तीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा घेतला नव्हता. एसटी स्टँडवर गाठ पडली, की टोमणे तेवढे चालत. गुरुजींनी दारात आबांना पाहिलं आणि चष्मा वर केला.

"आज कुणाला पाडायचंय, आकाराम?"

"पाडायचं न्हाई, गुर्जी. कुंडली काढायची हाय एकाची."

खासदार आणि तोही वेल्सचा, हे ऐकून गुरुजींचा चेहरा असा उजळला, जणू बऱ्याच दिवसांनी नटाला भूमिका मिळावी. लंडनच्या पार्लमेंटात कोण काय बोललं, त्याचा शब्द न् शब्द कुणालाही वाचता येतो. गुरुजींनी कॉम्प्युटर उघडला आणि सलग चार दुपारी गुरुजींच्या पडवीत इडवल बेननची संसदेतली वीस वर्षं उलगडत गेली.

खाणकामगाराचा मुलगा. आधी शाळेत मास्तर. पहिल्या निवडणुकीत पडला, दुसऱ्या वेळी आला, आणि तेव्हापासून सलग सहा वेळा. त्यातल्या एका वेळी फक्त एक्केचाळीस मतांनी. एक्केचाळीस म्हटल्यावर आबा पुढं सरकले, फेरमोजणी किती वेळा झाली, दिवे गेले होते का, हे त्यांनी विचारून घेतलं. मग पहिलं भाषण निघालं. त्यात बेनननं आपण ज्याला हरवलं, त्या विरोधी पक्षाच्या माणसाचे गोडवे गायले होते. गुरुजींनी समजावलं, की तिथली ती रीत आहे, नव्या सभासदानं आधीच्याचं चांगलं बोलायचं.

"आतनं ठरलेलं आसनार," आबा म्हणाले. "पडलेल्याला कोन हार घालतंय?"

गुरुजींनी त्यांच्याकडं जरा बघितलं. पडलेल्या भावाची आठवण दोघांनाही झाली असावी. गुरुजींच्या सूनबाईनं चहा आणून ठेवला. आबांनी तो घेतला.

पुढं बेनननं स्वतःच्याच पक्षाच्या आदेशाविरुद्ध एकदा मत दिल्याचं निघालं. एक रुग्णालय बंद करायला पक्ष तयार होता, हा नव्हता. आबांना हवं होतं ते सापडलं.

"फुटला म्हना की. मग कुटं नेलं हुतं त्याला?"

"कुठंच नाही रे. संध्याकाळच्या रेल्वेनं घरी गेला."

"एकटा?"

"एकटाच."

"मग पुढल्या टायमाला मंत्रिपद दिलं आसंल समोरच्यांनी."

"उलट पक्षानं होतं ते समितीचं पद काढून घेतलं. मागच्या बाकावर बसवला. अजून तिथंच आहे."

हे आबांच्या कुठल्याच खान्यात बसेना. फुटायचं, आणि मिळवायचं काहीच नाही? त्यांनी बेननला मिळालेल्या भेटवस्तूंची यादी काढायला लावली, कारण तिथं तीही जाहीर करावी लागते. वीस वर्षांत सांगण्यासारखं एवढंच, की रग्बीच्या सामन्याची दोन तिकिटं. रग्बी म्हणजे काय, तर चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडायचं. आपल्या कबड्डीसारखं, आबा म्हणाले, आणि यात काही काळंबेरं नसल्याचं त्यांनी नाइलाजानं मान्य केलं.

मग सापडला तो प्रश्न. बेननच्या गावावर खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर उभा आहे. पावसात तो खाली सरकेल, त्याचा बंदोबस्त करा, हा एकच प्रश्न त्यानं पार्लमेंटात एकसष्ट वेळा विचारला होता. शब्दसुद्धा फारसे बदललेले नव्हते. आबांनी हिशेब मांडला. एकसष्ट वेळा विचारून काम होत नाही, तर एकतर माणसाला वजन नाही, नाहीतर काम व्हायलाच नको असेल, म्हणजे दर निवडणुकीला तोच डोंगर दाखवता येतो. आपल्या तालुक्यात पाण्याचं नाही का तसं झालं, ते म्हणाले. गुरुजींनी दाखवलं, की शेवटी डोंगराचा अर्धा भाग हलवलाय. आबा म्हणाले, अर्धाच का?

चौथ्या दिवशी त्यांनी पहिल्या दिवसाचं भाषण पुन्हा वाचायला लावलं. गुरुजींनी निमूट अर्थ सांगितला. आबा डोळे मिटून ऐकत होते, पहिल्या वेळेशी ताडून बघत होते. मतदार यादी दोनदा वाचून घ्यायची, वाचणारा खोटं वाचत असेल तर दुसऱ्यांदा चुकतो, ही त्यांची जुनी युक्ती. गुरुजींच्या ते ध्यानात आलं.

"माझी परीक्षा घेतोस होय रे?"

"तुमी मास्तर. तुमची कवा कुनी घेतलीच न्हाई."

गुरुजी मोठ्यानं हसले. अर्थ जुळला होता.

पण आबांची झोप उडाली. खोट सापडली असती, तर तिची किंमत करता आली असती. इथं खोटच सापडत नव्हती, म्हणजे ती फार खोल लपवलेली असणार. समीक्षा रोज फोन करायची, आबा रोज थांब म्हणायचे. दहा दिवस उरले, सात उरले. एक शनिवार तसाच गेला. पोरगी पुढं पुढं विचारीनाशी झाली, नुसता आकडा सांगायची आणि फोन ठेवायची.

शेवटचा अंक आबांच्या पडवीत. पुन्हा शनिवार, साडेतीनची वेळ. तीन दिवस उरलेत. हरणाबाई, आबांची बायको, उंबऱ्याशी सुपात हुलगे निवडत बसलीय. फोन वाजतो. समीक्षा वाचनालयाबाहेर रांगेत उभी आहे, केस वाऱ्यानं तोंडावर येतायत. आज सही झाली तर बेनन सोमवारी सकाळी कचेरीत फोन करतो म्हणालाय. नंतर उपयोग नाही. आबांनी तिला फोन खिडकीकडं धरायला सांगितलं. काचेपलीकडं एक टकला माणूस वाकून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारत होता. आबांनी त्याचे बूट दाखवायला लावले. बूट बरे होते. बुटांवरून काही कळेना.

"आबा, माझ्यापुढं दोनच माणसं आहेत," समीक्षा म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी घरी येते. पण का ते तरी सांगा. काय केलंय या माणसानं?"

आबा म्हणाले, आजवर काही केलं नाही, तेच तर. आज नाही तर उद्या करेल. फुकट कुणी कुणाचा कागद चालवत नाही. सगळे सारखेच असतात.

हरणाबाईचा हात सुपात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

"आवं, समदी मानसं तुमच्यावानी नसत्यात."

फोनमधून समीक्षानं विचारलं, आई काय म्हणाली? आबांनी फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग त्यांनी लेकीला ती गोष्ट सांगितली, जी या घरात हरणाबाईखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

मागच्या आळीतल्या बनुबाई तेव्हा पंचायत समितीच्या सदस्य होत्या. महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. आबांना त्या भाऊ मानत, दर वर्षी राखी बांधत. नुकत्याच सही करायला शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. सभापतीवरच्या एका ठरावाला भाऊसाहेबांना त्यांचं मत नको होतं. त्यांनी आबांच्या हातात एक कोरा कागद दिला. आबांनी बनुबाईला सांगितलं, की गावाच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज आहे, मजकूर मागनं घालतो, तुम्ही खाली सही करा. बनुबाईंनी तोंडानं अक्षर अक्षर म्हणत सावकाश नाव लिहिलं. दोन दिवसांनी त्या सभेला गेल्या, तर तुम्ही राजीनामा दिलाय, तुमची खुर्ची नाही, असं दारातच सांगण्यात आलं. त्या भांडल्या नाहीत. आबांना त्यांनी कधी जाबही विचारला नाही. राखी तेवढी बंद झाली.

सांगताना आबांचा आवाज कुठं चढला नाही, कुठं पडला नाही. रंगमंचावर कधी न आलेल्या माणसाचं ते पहिलं भाषण होतं, आणि ऐकायला लेक, बायको आणि एक शेळी. समीक्षाच्या मागून कुणीतरी तिला पुढं सरकायला सांगितलं. तिच्या पुढचा म्हातारा काठी टेकत दारातून आत गेला. आता तिचाच नंबर होता.

"मग आता मी काय करू, आबा?" तिनं विचारलं.

आबा फोनकडं बघत राहिले. एक्केचाळीस मतं, मागचा बाक, अर्धा हललेला डोंगर, सगळं त्यांनी मनात एकदा पालथं घालून बघितलं असावं. हरणाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"कर सही," आबा म्हणाले. "त्यो माज्यावानी आसता, तर वीस वर्सांत मंत्री झाला आसता."