'नाई' म्हणायचं नाही

आमच्या भागातून वाघ पुष्कळ निघाले, पण माणसाच्या सुप्त शक्ती जागवणारा गुरुवर्य एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या वर्गातला. पुढे एकाच कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही नोकरीलाही लागलो, मी भौतिकशास्त्राला, तो मराठीला. शिकवणं त्याला कधी जमलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसा तो पोरांनाच मठ्ठ म्हणायचा. मग नोकरी सोडून त्यानं विमा विकला, साखळी पद्धतीनं साबण विकला. साबण खपेना तेव्हा नागपूरला कुठल्याशा शिबिराला गेला आणि परतला तो अंगात जाकीट, गालाशी माइक आणि तोंडात आमच्या 'मले-तुले'ऐवजी पुणेरी 'मला-तुला' घेऊन. तेव्हापासून त्यानं माल बदलला. साबणाला निदान फेस यायचा.

त्याच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'आतला वाघ'. मुखपृष्ठावर अर्धा वाघ आणि अर्धा हा. त्या पुस्तकाच्या जोरावर माजरीच्या खाणीतल्या साहेबांपासून जिवतीच्या बचत गटापर्यंत सगळ्यांना त्यानं वाघ वाटले. एकदा जंगलालगतच्या एका गावात त्यानं बायांसमोर आरोळी ठोकली, "तुमच्या आत झोपलेला वाघ जागा करा." त्या आठवड्यात त्या बाया वाघाच्या भीतीनं मोहफुलं वेचायला बाहेर पडल्या नव्हत्या. एक जण शांतपणे म्हणाली, "निजला हाये तं निजू द्या ना भाऊ. काऊन जागवता त्याले?" सगळ्या हसल्या. पुढच्या पुस्तकात यानं लिहिलं की, एका वनवासी भगिनीनं त्याचे पाय धरून 'माझा वाघ जागा झाला' असं सांगितलं. मी त्या सभेला हजर होतो. पाय कुणी धरले नव्हते.

पण त्याचं खरं नाव झालं ते 'नाई'मुळे. या भागाला मागं ठेवलं ते जंगलानं नव्हे, 'नाई' या शब्दानं, असा त्याचा शोध. आता आमच्याकडे माणूस 'नाई'शिवाय तोंडच उघडत नाही. जेवला का विचारलं तर "नाई, जेवलो ना जी" म्हणतो. चहा विचारला की आधी दोनदा "नाई नाई" होतं, मगच कप हातात येतो. ती नकाराची भाषा नव्हे, ती आमची रीत. या दीडशहाण्याला ते कळलं नाही, किंवा कळूनही वळलं नाही. त्याच्या वर्गात 'नाई' म्हणणाऱ्याला उभं करून बाकीचे टाळ्या वाजवायचे. वर्ग करून आलेले पाहुणे पहिल्या विचारण्यालाच "हो" म्हणू लागले आणि घरोघरी दूध पुरेना.

इथवर मी हसत होतो. मग माझी मोठी बहीण त्याच्या वर्गाला जाऊ लागली.

तिला मी बाई म्हणतो. भावजी गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवते. चालताना ती चौकटीला धडकू लागली, म्हणून मी तिला चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं, "बाजूची नजर गेली आहे, ती परत येत नाही. समोरची शाबूत आहे. थेंब रोज टाकले तर ती टिकेल." म्हणजे बाईचे डोळे त्या एका बाटलीवर उभे होते, आणि हे तिलाही कळलं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. त्यात एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभा होतो. बाई बटण दाबत होती, थांबत नव्हती. तपासणारी मुलगी म्हणाली, "बाई, लाइट नसतानाबी दाबून राह्यल्या तुम्ही. नाई दिसला तं नका दाबू."

"मले दिसते," बाई म्हणाली.

मुलीनं पुन्हा सुरुवात केली. बाईनं पुन्हा तसंच केलं. बटण न दाबणं म्हणजे 'नाई' म्हणणं, आणि 'नाई' तिनं सोडलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, तो वाढला होता; आत पाहिलं आणि थेंब टाकता ना, असं विचारलं. बाई म्हणाली, "टाकून राह्यली ना."

घरी शिलाई मशीनच्या खणात सगळ्या बाटल्या सापडल्या, सील न फोडलेल्या. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "थेंब टाकले की मन म्हणते, डोळे बरे नाई. सर म्हणतात, मनाले तसं शिकवू नये."

मी त्या सरांच्या घरी गेलो. त्यानं मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "औषध बंद करा असं मी कुणालाही सांगत नाही. ताईंची श्रद्धा थोडी कमी पडली असेल." उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्याचा राग आला नाही. राग माणसाचा येतो. मला किळस आली, आणि आजही येते.

नंतर थेंब सुरू केले, ऑपरेशनही केलं. उशीर झाला होता. आता बाईला खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. मशीन मी झाकून ठेवली आहे.

मला वाटलं होतं, ती त्याला शिव्या देईल. ती देत नाही. एकदा मी त्याला ढोंगी म्हणालो तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "त्याईले नको बोलू. तुये भावजी गेल्यावर मले हिंमत द्याले कोण आलं होतं? तू तं नुसता गप्प बसून राह्यचा." 

त्याचं नवं पुस्तक आलं तेव्हा ते तिनं शेजारणीकडून मागवलं. वाचायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. दुपारी जेवणं झाली की ती भिंतीला टेकून बसते आणि मी वाचतो. मराठी भिकार आहे. मी वाकड्या आवाजात वाचलं की ती टोकते, "नीट वाच ना." मग मी नीट वाचतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'आता डोळे मिटा आणि हवं ते समोर पाहा.' ते वाक्य मला गाळता येत नाही, तिला पाठ आहे. मी ते वाचतो, आणि बाई डोळे मिटते.